खोलीत उतरलेला माड

अंधाऱ्या खोक्याच्या बारीक भोकातून बाहेरचं चित्र आत पडतं, ते भोक मोठं केलं की चित्र मोठं पडणार, असं बहुतेकांना वाटतं. माझ्या भाचीला तर ते नुसतं वाटत नव्हतं, तिने शाळेच्या प्रोजेक्टच्या वहीत तसं लिहूनही टाकलं होतं. "टॉर्चचं तोंड मोठं असलं की उजेड मोठा पडतो ना मामा? मग भोकाचंही तसंच." पुस्तकातल्या सूचिछिद्र प्रतिमाग्राहकाच्या, म्हणजे पिनहोल कॅमेऱ्याच्या, आकृतीने हा वाद मिटेना. तिथे एक मेणबत्ती, एक खोका, खोक्याच्या मागच्या बाजूला उलटी मेणबत्ती, आणि भोक म्हणजे दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तो ठिपका. ठिपक्याला आकारच नाही, मग तो लहान-मोठा केल्यावर काय होईल हे आकृती सांगणार कशी? तेव्हा ठरवलं, बुटाच्या खोक्याचा खेळ करायचाच नाही. अख्खी खोली कॅमेरा करायची आणि टेप घेऊन आत बसायचं.

घर फोंडा तालुक्यात, म्हार्दोळपासून जवळ, कुळागराला म्हणजे माड-पोफळीच्या बागेला लागून. जांभ्याच्या जाड भिंती आणि वर कौलं. ज्या खोल्यांवर नुसती कौलं आहेत त्या पहिल्या फेरीतच बाद, कारण दिवसभर फटींतून कवडसे. पण बाद करता करता त्या कवडशांनीच अर्धं काम करून दिलं. कौलाची फट कधी गोल नसते. वाकडी, लांबट, कुठे तुटक्या कोपऱ्याची. तरी कवडसा गोलच. तिरपा पडला तर लंबगोल होतो, पण किरणांना आडवा कागद धरला की पुन्हा गोल. तो फटीचा आकार नव्हेच, ते सूर्याचं चित्र आहे. फटीतून ते जमिनीवर उमटतं, इतकंच.

याची खात्री करून घेणं सोपं आहे. सूर्याचा व्यास सुमारे १३.९ लाख किलोमीटर, त्याचं आपल्यापासूनचं अंतर सुमारे १५ कोटी. भागाकार १०७-१०८ च्या आसपास येतो. म्हणजे फटीपासून कागदापर्यंत जेवढं अंतर, त्याच्या एकशेसाताव्या हिश्श्याएवढा कवडसा पडायला हवा. भाचीने कागद धरला, मी तिरका टेप लावला. साडेचार मीटर भरले. हिशेबाने ठिपका ४.२ सेंटीमीटरचा, पट्टीवर चारच्या किंचित पुढे. शेजारची फट चांगलीच मोठी होती. तिचा कवडसा जास्त उजळ, कडेने फिसकटलेला, पण मधलं वर्तुळ जवळपास तेवढंच. भाची कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सूर्य लांब आहे म्हणून असेल. जवळच्या वस्तूचं वेगळं असणार." शंका चांगली होती. मी काही बोललो नाही.

कोपऱ्यातल्या खोलीला फळ्यांचा माळा आहे, त्यामुळे ती मुळातच अंधारी. पश्चिमेला एकच खिडकी, जुन्या पद्धतीची, काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं बसवलेली. या तावदानांतून उजेड येतो पण बाहेरचं काही दिसत नाही, सगळं दुधाळ होऊन जातं. त्यातलं एक तावदान कधीचंच फुटलेलं होतं आणि तिथे पुठ्ठा मारलेला होता. माझं भोक तिथेच. बाकीच्या खिडकीवर आतून काळं प्लास्टिक, तेच जे आपण पावसाळ्यात पडवीला झड लागू नये म्हणून बांधतो. कडेने खाकी टेप. दाराच्या फटीला गोणपाट. अंधार झाला असं वाटतं तेव्हा तो झालेला नसतो. दार लावून पाच-दहा मिनिटं बसलं की एकेक चोर दिसायला लागतो: बिजागरीजवळून एक रेघ, माळ्याच्या दोन फळ्यांमधून एक. प्रत्येक चोराला टेप. या कामाला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि ते सगळ्यात कंटाळवाणं होतं. पण यात कसूर झाली तर पुढचं काहीच दिसत नाही.

पुठ्ठ्याला बऱ्यापैकी मोठी चौकोनी खिडकी कापली आणि तिच्यावर बदलता येतील अशा पत्र्याच्या चकत्या केल्या. पत्रा बिअरच्या रिकाम्या कॅनचा. गोव्यात हा कच्चा माल शोधत फिरावं लागत नाही. एका चकतीला रुपयाच्या नाण्याएवढं, म्हणजे २२ मिलिमीटरचं भोक, दुसरीला फाइलच्या पंचिंग मशीनचं ६ मिलिमीटरचं, तिसरीला ३ मिलिमीटरचं. वेळ सकाळची नऊनंतरची, कारण खिडकी पश्चिमेला. सूर्य घराच्या मागे असला की अंगणातल्या वस्तूंवर समोरून ऊन पडतं, आणि भोकातून थेट ऊन आत येत नाही.

भोकासमोरच्या भिंतीवर, तीन मीटरवर, पांढरी चादर ताणली होती. पहिली काही मिनिटं काही नाही. मग चादरीवर वरच्या बाजूला एक तांबूस पट्टा आला. तो अंगणातल्या मातीचा. खाली निळं, ते आभाळ. मधे फाटकाचे दोन खांब लटकलेले. आणि रंग! रंगांची मी अपेक्षाच केली नव्हती असं नाही, पण इतक्या खऱ्या रंगात जास्वंदीचं झुडूप छताकडून खाली वाढलेलं बघितल्यावर बहीणही स्वयंपाक टाकून येऊन बसली. रस्त्यावरून स्कूटर गेली ती चादरीच्या वरच्या कडेने, चाकं वर करून. बाहेर उत्तरेकडे निघालेली स्कूटर भिंतीवर दक्षिणेकडे सरकली.

उलटं का, हे खोलीत बसून समजावणं सोपं जातं. माडाच्या शेंड्यावरून उजेड सगळ्या दिशांना निघतो, पण या खोलीत शिरायला वाट एकच. शेंडा उंच, त्यामुळे तिथून निघून भोकातून आत आलेला किरण उतरतच येणार आणि भिंतीच्या खालच्या भागावर आदळणार. अंगणातल्या दगडावरून निघालेला किरण चढत येणार आणि वर जाणार. उजवी-डावीचंही तेच. प्रत्येक बिंदूला भिंतीवर त्याची एक जागा मिळते आणि त्या जागेवर दुसऱ्या कुणाचा उजेड येत नाही. ही दुसरी अट जास्त महत्त्वाची. एरवी खिडकी सताड उघडी असते तेव्हाही माडाचा उजेड भिंतीवर पडतोच. पण भिंतीच्या प्रत्येक जागी माडाचाही, फाटकाचाही आणि आभाळाचाही एकदमच पडतो, म्हणून आपल्याला नुसती उजळलेली भिंत दिसते. चकतीला एकमेकांजवळ दोन भोकं पाडली तर दोन माड दिसतात, एकावर एक सरकलेले. सहा-सात पाडली की गिचमिड. त्यापुढे पाडत गेलं की हळूहळू नेहमीची खोली परत येते. हा प्रयोग करून बघाच. मला तरी कुठल्याही आकृतीपेक्षा यातून जास्त कळलं.

भाचीला बाहेर अंगणात पाठवलं. ती पुठ्ठ्यावर ब्रशने मोठ्या अक्षरात काहीतरी लिहून उभी राहिली. चादरीवर अक्षरं उलटी आली. मान वाकडी करूनही वाचता येईनात, कारण उलटी तर होतीच, वर आरशात दिसावी तशी फिरलेलीही होती. मग चादरीऐवजी बटर पेपर ताणला आणि त्याच्या पलीकडच्या बाजूने बघितलं. आता मान वाकडी केली की सरळ वाचता आलं: "चहा". बटर पेपरमधून मागून बघताना चित्र नुसतं अर्ध्या फेऱ्याने फिरलेलं असतं. भिंतीवर आपण ते भोकाच्याच बाजूने बघतो, म्हणून जास्तीचा फेर पडतो. पुस्तकात हे दोन प्रकार वेगळे करून दिलेले मला आठवत नाहीत. चहा मिळाला.

मग मोजायला घेतलं. फाटकाचा खांब दीड मीटर उंच, भोकापासून नऊ मीटर. थर्माकोलची मोठी शीट हातात धरून खोलीत पुढे-मागे जायचं आणि खांबावर पट्टी लावायची. भोकापासून एक मीटरवर खांब सतरा सेंटीमीटरला थोडा कमी. दोन मीटरवर तेहेतीस. मागच्या भिंतीवर, तीन मीटरवर, बरोबर पन्नास. जवळ गेलं की चित्र लहान आणि लख्ख, मागे सरलं की मोठं आणि फिकं. एक मीटरवर जो उजेड एका चौकोनात मावतो तोच तीन मीटरवर नऊ चौकोनांत पसरतो, तेव्हा फिकं होणारच. नंतर शीट भिंतीवर टेकवून वस्तू हलवली. भाची सहा मीटरवर उभी राहिली तेव्हा तिची प्रतिमा ७० सेंटीमीटरची, बारा मीटरवर गेली तेव्हा ३५ ची. म्हणजे चित्राची उंची भागिले वस्तूची उंची हे भोकापासून पडद्याचं अंतर भागिले भोकापासून वस्तूचं अंतर. दोन्ही बाजूंचे त्रिकोण एकाच प्रमाणातले असतात. सूत्र एवढंच, आणि त्यात भोकाच्या मापाला जागाच नाही.

तरी चकत्या बदलायच्या होत्याच, कारण भांडण त्यावर होतं. ६ मिलिमीटरची काढून ३ ची लावली. खोली एकदम काळोखी. डोळे पुन्हा सरावेपर्यंत थांबलो. खांब पन्नास सेंटीमीटर, आणि आता खांबावरच्या चिऱ्यांमधल्या सांध्यांचीही चाहूल लागत होती. मग रुपयाएवढी लावली. खोलीभर उजेड, आम्हाला एकमेकांचे चेहरे दिसायला लागले, चादरीवर मात्र सगळं लोण्यासारखं वितळलेलं. कडा कुठे संपते हे ठरवायलाच वाद. पण धुक्याच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं तर पुन्हा तेच पन्नास. भाचीने पट्टी माझ्या हातून घेऊन स्वतः मोजलं.

मोठ्या भोकाने नेमकं काय बिघडतं? खांबावरच्या एका टाचणीएवढ्या बिंदूचा उजेड भोकातून येताना भोकाच्याच मापाची सोंड करून येतो आणि पसरत पसरत भिंतीवर ठिपका पाडतो. आमच्या अंतरांना तो ठिपका भोकाच्या सव्वापट-दीडपटीच्या मधे: २२ मिलिमीटरच्या भोकाला सुमारे २९ मिलिमीटरचा, ६ च्या भोकाला ८ चा, ३ च्या भोकाला ४ चा. चित्र या ठिपक्यांचं बनतं. ठिपके जाड झाले म्हणून चित्राचं माप बदलत नाही, त्यातले बारकावे बुजतात. टॉर्चचा प्रश्नही इथेच सुटतो. टॉर्चचं तोंड म्हणजेच उजेडाचा उगम, आपण त्याचा झोत बघतो. आमचं भोक स्वतः उजेड देत नाही, ते फक्त वाट देतं. चकतीवर त्रिकोणी भोकही पाडून बघितलं. खांब तोच, माड तोच. फक्त ज्या ज्या जागी लखलखीत ठिपका होता, पितळी तांब्यावरच्या उन्हाचा म्हणा, तिथे बारीक त्रिकोण.

मग लहानात लहान भोक सगळ्यात चांगलं का? तसंही नाही. फार बारीक भोकातून जाताना उजेड स्वतःच फाकतो, त्याच्या लहरी असण्याचा तो परिणाम, आणि चित्र पुन्हा पुसट होतं. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८९१ साली पिनहोल फोटोग्राफीवर लिहिलं तेव्हा या दोन्हींमधला मध्य काढून दाखवला होता. अंतराला उजेडाच्या तरंगलांबीने गुणा, वर्गमूळ काढा, त्याच्या १.९ पट व्यास घ्या. तीन मीटरच्या खोलीला ते अडीच मिलिमीटरच्या जवळपास येतं. पण अडीच मिलिमीटरला आमच्यासारख्यांच्या डोळ्यांना फार थोडं दिसतं. बघायला माणसं बोलावली असतील तर ६ ते १० मिलिमीटरच बरं, गणित काहीही म्हणो.

आता माड. अंगणाच्या टोकाला एक जुना माड आहे, त्याची उंची किती यावर घरात पूर्वीपासून अंदाज चालतात. भोकापासून त्याच्या बुंध्यापर्यंत आडवं अंतर चोवीस मीटर. मागच्या भिंतीवर माडाची प्रतिमा घ्यायला गेलो तर शेंडा भिंतीवरून उतरून जमिनीवर सांडला. भोक जमिनीपासून १.३ मीटरवर, भोकापेक्षा उंच असलेलं सगळं चित्रात भोकाच्या खाली जातं, आणि खाली जागा तेवढीच. मग पडदा पुढे घ्यायचा, म्हणजे चित्र लहान होऊन मावतं. दोन मीटरवर दोरी बांधून चादर लोंबवली, ओळंब्याने सरळ केली. पडदा सरळ उभा असणं गरजेचं आहे. शेंडा बुंध्यापेक्षा भोकापासून तिरका जास्त लांब असतो हे खरं, पण तिकडे जेवढ्या पटीत लांब तेवढ्याच पटीत इकडे त्याचं चित्रही भोकापासून लांब पडतं, म्हणून हिशेब सरळ आडव्या अंतरांचा करायचा. तिरकं अंतर घेऊन बसलात तर घोळ. नारळाच्या पेंडी जिथे लागतात ती जागा भोकाच्या पातळीपासून ९० सेंटीमीटर खाली आली. बारापट केले, १०.८ मीटर. भोक अंगणापासून दोन मीटर उंच, कारण घराचं जोतं उंच आहे. एकूण १२.८.

नारळ पाडायची वेळ आलीच होती. पाडेली आला तेव्हा त्याला सांगितलं, वर जाताना ही सुतळी घेऊन जा आणि पेंडीपाशी धरून खोडाला लागून खाली सोड. माणसं सुतळीने माड मोजतात हे त्याने पहिल्यांदाच बघितलं असावं, पण त्याने कारण विचारलं नाही. पैसे नारळावर मिळणार होते, प्रश्नांवर नाही. त्याआधी आम्ही त्याला खोलीत नेलं. "कितें रे हें, माड उरफाटो!" आणि मग त्याने जे दाखवलं ते आमच्या कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. तो बाहेर जाऊन बुंध्याशी उभा राहिला, हात वर करून म्हणाला की हा माड घराकडे कलता आहे, वर गेलं की अंगणाकडे ओढतो.

तो चढला. चादरीवर तो छताकडून खाली उतरत गेला. भाची बोट लावून त्याच्याबरोबर चादरीवर खाली खाली येत होती आणि शेवटी गुडघ्यांवर बसली. सुतळी मोजली तेव्हा १२.४ मीटर. अंगणातून ओळंबा धरून बघितलं तर पेंडी बुंध्यापेक्षा साधारण मीटरभर घराच्या बाजूला. म्हणजे शेंड्याचं अंतर चोवीस नव्हे, तेवीस. पट बारा नव्हे, साडेअकरा. ९० सेंटीमीटरचे १०.३५, अधिक दोन, १२.३५. कलत्या खोडाच्या बाजूने मोजलेली सुतळी त्याहून किंचित लांब असणारच. सगळं जमून आलं. मला यातलं सगळ्यात आवडलेलं हेच की चादरीवरच्या चित्राने माडाचा कल आधीच धरला होता. तो आम्हाला वाचता येत नव्हता.

सूर्याचं चित्र आणि भोकाचं माप यावर जुन्या लोकांनी बराच विचार केलाय. बसऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे कैरोत राहिलेल्या इब्न अल-हैथमने, सुमारे हजार वर्षांपूर्वी, ग्रहणाच्या वेळी भोकातून पडणाऱ्या चंद्रकोरीच्या आकाराच्या प्रतिमेवर लिहिलं आहे. भोक लहान असेल तर कोर दिसते, मोठं असेल तर ती बुजून गोल होते, हे त्याने भूमितीने मांडलं. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणात मी हे अंगणात पाहिलं होतं. कंकणाकृती ग्रहण दक्षिणेला कासरगोड-कण्णूरकडे दिसलं, गोव्यात खंडग्रास, पण सूर्याचा बराच भाग झाकणारं. आंब्याखाली चुन्याच्या भिंतीवर शेकडो कोरी पडल्या होत्या, सगळ्या एकाच बाजूला वळलेल्या आणि आकाशातल्या कोरीच्या बरोबर उलट. दाट पानांच्या बारीक फटींतल्या कोरी टोकदार होत्या. जिथे फांदी तुटून मोठी जागा मोकळी झाली होती तिथे नुसता उजेडाचा डाग. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरातल्या अंधाऱ्या जागेत गोपुराची उलटी सावली पडते ती बघायला आपल्याकडची बरीच मंडळी जातात. मीही गेलो होतो. तिथे दाखवणारे त्याला चमत्कार म्हणतात. पन्नास मीटरच्या आसपासचं गोपुर भिंतीवर मावतं ते त्याच भागाकाराने.

खोलीनंतर डबा. दुधाच्या पावडरचा, धातूच्या झाकणाचा, दहा सेंटीमीटर व्यासाचा, आतून काळा रंगवलेला. भोकासाठी पुन्हा बिअरचा पत्रा: सुईच्या टोकाने खळगा करायचा, मागून आलेला फुगवटा बारीक पॉलिश पेपरने घासायचा, पुन्हा टोक, पुन्हा घासणं, जोवर कडा साफ होत नाही. मोजायला पत्रा स्कॅनरवर २४०० डीपीआयला, म्हणजे इंचाला २४०० पिक्सेलला, ठेवला. भोक ४० पिक्सेल भरलं, म्हणजे ०.४२ मिलिमीटर. रॅलेंच्या हिशेबाने दहा सेंटीमीटरला ०.४५ हवं, तेव्हा चाललं. अंतर भागिले भोक हा कॅमेऱ्याचा एफ-आकडा: १०० भागिले ०.४२, म्हणजे एफ/२४० च्या जवळपास. फिल्मऐवजी फोटोचा कृष्णधवल कागद, कुरियरने मागवलेला. त्याची संवेदनशीलता आयएसओ ६ च्या आसपास धरली तर लख्ख उन्हात चाळीसेक सेकंद. भोकावर काळी चिकटपट्टी, तीच शटर.

कागद डब्यात भरणं आणि काढणं रात्री न्हाणीघरात, लाल बल्बखाली. डेव्हलपरमध्ये कागद हलवत राहायचं. आधी आभाळ काळं होऊन येतं, कारण ही निगेटिव्ह. फिक्सर, धुणं, वाळवणं, मग स्कॅन करून रंग उलटे करायचे. पहिला फोटो घराचाच. ऊन खाणारी जांभ्याची भिंत जवळजवळ काळी आली आणि कौलंही तशीच. कागदाला तांबडा रंग दिसत नाही, त्याच गुणामुळे तर लाल बल्ब चालतो. चुन्याचे गिलावे मात्र लख्ख. गोव्यातल्या घरांचे असे फोटो काढाल तर अर्धं घर सावलीत असल्यासारखं येणार हे धरून चाला.

मंगेशीला दीपस्तंभाचा फोटो काढायचा होता. देवळाच्या माणसाला विचारून डबा बाहेरच्या बाजूला कठड्यावर ठेवला. जाणारा-येणारा विचारत होता, प्रसाद आहे का. इथे खोलीतलाच प्रश्न परत आला: स्तंभ सगळा भोकाच्या वर, म्हणजे चित्र सगळं कागदाच्या खालच्या भागात. डबा वर तिरका करावा तर स्तंभ निमुळता होतो. म्हणून दुसऱ्या डब्याला भोक मधे न पाडता झाकणापासून तीन सेंटीमीटरवर पाडलं होतं. कागद बारा सेंटीमीटर उंच. भोकाखाली सहाऐवजी नऊ सेंटीमीटर मिळाले. त्यामुळे पंधरा मीटरवरून नऊऐवजी साडेतेरा मीटर उंचीपर्यंतचं मावतं, डबा सरळ ठेवून. स्तंभ छान आला. माणसं सगळी गायब, चाळीस सेकंद कुणी उभंच नव्हतं. पायरीवर बसलेल्या एकट्या बाईंचा मात्र पुसट आकार उरला.

शेजारच्या अग्रशाळेची, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेची, लांब सरळ भिंत मात्र मधे उंच आणि दोन्ही टोकांना बुटकी होऊन आली. गोल डब्यात कागद वाकलेला, त्यामुळे कडेचा कागद भोकाच्या जवळ. आणि भिंतीची टोकं भोकापासून लांब. दोन्ही कारणं चित्र लहानच करतात. मधल्या रेषेपासून पंचेचाळीस अंशांवर उंची निम्म्यावर येते. ज्यांना हे आवडत नाही त्यांनी चौकोनी डबा घ्यावा. मला आवडतं.

सूर्य मोठा हवा असेल तर त्याला खोलीचीही गरज नाही. छोट्या आरशावर काळा कागद चिकटवायचा, कागदाला पंचिंगचं ६ मिलिमीटरचं भोक, आणि आरसा उन्हात टेकवून त्याचा कवडसा लांबच्या अंधाऱ्या भिंतीवर फेकायचा. वीस मीटरवर सूर्य जवळपास १९ सेंटीमीटरचा पडतो, सगळ्यांना एकदम बघता येतो आणि कुणालाच सूर्याकडे डोळे लावावे लागत नाहीत. ते भोकातूनही कधी लावायचे नाहीत. २ ऑगस्ट २०२७ ला संध्याकाळच्या बाजूला आपल्याकडे खंडग्रास ग्रहण आहे. आरसा अंगणात कुठे ठेवायचा, भिंत कुठली, हे भाचीने वहीत आखून ठेवलंय. ऑगस्टमधला गोवा आहे, आभाळ उघडलं तर.